सात नंबरवर सर्वांचं एकमत

औषधाच्या खोक्यात एक घडी घातलेला कागद असतो. तो उघडला की पुन्हा तशी घडी बसत नाही, म्हणून लोक तो फेकून देतात. तो कागद मी लिहितो. गेली बावीस वर्षं पुण्यात बसून मी हेच करतो आहे, आणि माझा एकही वाचक मला आजवर भेटलेला नाही. त्यामुळे नांदेडहून डॉ. कदमांचा फोन आला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. सर्दी, ॲलर्जी, सायनस अशा वरच्या श्वासमार्गाच्या दुखण्यांत नाकात मारायची औषधं कशी वापरावीत, यावर मराठवाड्यातले एकवीस नाक-कान-घसा तज्ज्ञ दोन दिवस बसून एकमत करणार होते. त्या एकमताचं पेशंटसाठी सोप्या मराठीत एक पानाचं पत्रक मी करायचं होतं.

मी लगेच हो म्हणालो, त्याला दुसरंही कारण होतं. लातूरला माझी मावसबहीण आहे, अक्का. सत्तरीची. गेले आठ महिने तिला कसलाच वास येत नव्हता. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, चला, गटाराच्या वासातून सुटका झाली. पण अक्का येसर करते. त्या भागात लग्नाच्या आमटीला येसर लागतोच. धान्य, डाळी, धने, खोबरं, दगडफूल सगळं वेगवेगळं भाजायचं आणि एकत्र दळायचं. कुठलं कढईतून कधी उतरवायचं हे अक्का घड्याळाला विचारत नाही, नाकाला विचारते. मे महिन्यात तिच्या नातीचं लग्न होतं. फोनवर ती मला म्हणाली होती, "दिगू, पोरीच्या लग्नात दुसरीच्या हातचा येसर आला तर मी मांडवात बसायची न्हाई. तू त्या डॉक्टरांत चाललास न्हवं, मग माझ्या नाकाचं काय ते इचारून ये." मी शब्द देऊन बसलो.

नांदेड, पहिला दिवस

मार्चमधल्या उन्हात नांदेडला उतरलो. पुण्यात पाहुण्याला 'जेवूनच आला असाल' असं विचारायची पद्धत आहे. नांदेडला तुम्ही जेवून आलात की नाही याच्याशी कुणाला घेणंदेणं नसतं. स्टेशनवर घ्यायला आलेल्या माणसाने बॅग गाडीत टाकायच्या आधी मला एका गाड्यावर नेलं आणि सकाळी आठ वाजता तहारीची प्लेट हातात दिली. पिवळा, झणझणीत, वाफाळता मसालेभात. मी म्हणालो, मी सकाळी फक्त चहा-बिस्किट घेतो. तो म्हणाला, "खामखा कामून लाजून राहिले?" आणि अजून एक वाढ मागवली. पहिल्या घासालाच माझं नाक धो धो वाहायला लागलं. पुढच्या दोन दिवसांत नाकावर जे जे उपाय ऐकले त्यात इतका झटपट गुण एकाचाही नव्हता.

बैठक एका हॉटेलच्या तळघरातल्या हॉलमध्ये होती. एसी असा लावला होता की एकवीस नाकतज्ज्ञांपैकी निम्म्यांची नाकं दहा वाजेपर्यंत गळू लागली. मधल्या खुर्चीवर मोठे सर बसले होते. वय ऐंशीच्या आसपास, पांढरा सफारी, समोर गरम पाण्याचा थर्मास. हॉलमधल्या बहुतेकांना त्यांनी शिकवलेलं, आणि ज्यांना शिकवलं नव्हतं त्यांच्या परीक्षा घेतलेल्या. सर खोकले की चर्चा थांबायची. सर हसले की विनोद झाला असं समजायचं.

पहिल्या दिवशी मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचं प्रात्यक्षिक होतं. एकवीस तज्ज्ञांत नाक धुवून घ्यायला कुणी तयार होईना, कारण प्रत्येकाला उरलेल्या वीस जणांच्या हाताची माहिती होती. मग सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. उकळून कोमट केलेलं पाणी हॉटेलच्या स्वयंपाकघरातून आलं ते चहाच्या किटलीत, आणि मीठ टाकलं होतं आचाऱ्याने, आमटीच्या अंदाजाने. ते एका नाकपुडीतून आत गेलं आणि दुसरीतून बाहेर येण्याआधी माझ्या डोळ्यांपुढे आईवडील उभे राहिले. पाण्याला चहाचा आणि आल्याचा वास होता. मोठ्या सरांनी थोडं पाणी बोटावर घेऊन चाखलं आणि म्हणाले, "मीठ जास्त हाय." हे विधान लगेच सर्वानुमते मंजूर झालं.

नांदेड, दुसरा दिवस

आज मतदान. प्रत्येकाने आपापल्या मोबाईलवर गुपचूप मत द्यायचं, म्हणजे कुणाचा कुणावर दाब पडत नाही, अशी शास्त्रशुद्ध पद्धत डॉ. कदमांनी ठरवली होती. कदम पंचेचाळिशीतले, फार हुशार आणि फार घाबरट गृहस्थ. त्यांनी मला सकाळीच कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "यात दोन-तीन विधानं मी मुद्दाम उलटी टाकलीत. कोण झोपेत मत देतंय ते कळतं." मला कौतुक वाटलं.

तळघरात नेटवर्क नव्हतं. चार जण मोबाईल उंच धरून जिन्यात जाऊन आले. शेवटी ठरलं की हात वर करायचे.

तिथून पुढे गुप्त मतदान कसं झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. कदम विधान वाचायचे. बाकीच्या सगळ्या माना वाचणाऱ्याकडे न वळता मधल्या खुर्चीकडे वळायच्या. सरांचा हात उठला की पाठोपाठ वीस हात उठायचे, न उठला की कुणाला पेन सापडायचं नाही, कुणाला चष्मा पुसायचा असायचा. एक ते सहा विधानं अशी झटझट पार पडली. नाक मोकळं करणारे थेंब मोजक्या दिवसांच्या वर वापरू नयेत, नाहीतर नाक उलट जास्त चोंदतं. मंजूर. स्टेरॉइडचा फवारा रोज नियमाने मारावा, एका दिवसात गुण मागू नये. मंजूर. सगळं शहाणपणाचं होतं, माझी काही तक्रार नाही.

मग सात नंबर आला. "फवारा मारताना नळीचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे असावं." हे कदमांनी मुद्दाम टाकलेलं उलटं विधान. पडद्यावर रोज फवारा बसला की तो सोलवटतो आणि नाकातून रक्त येतं, एवढं मलाही एव्हाना कळलं होतं. त्याच क्षणी मोठ्या सरांनी हात वर केला. वीस हात वर गेले. त्यात डॉ. कदमांचाही हात होता. स्वतः खणलेल्या खड्ड्यात माणूस इतक्या तत्परतेने उतरताना मी प्रथमच पाहिला.

सर हात तसाच ठेवून मागे वळून कुणाला तरी काहीतरी म्हणाले. ते मला ऐकू आलं नाही. लगेच आठ नंबर वाचला गेला. "फवारा मारताना नळीचं तोंड मधल्या पडद्यापासून दूर, त्याच बाजूच्या कानाकडे असावं." सरांचा हात वरच होता. वीस हात पुन्हा वर. अशा रीतीने एकाच सकाळी, एकाच नाकात, दोन्ही दिशांना फवारा मारण्यावर मराठवाड्यातल्या तज्ज्ञांचं संपूर्ण एकमत झालं.

जेवताना माझ्या शेजारी भोकरच्या गायकवाड मॅडम होत्या. मी सात नंबरचा विषय काढला. त्यांनी शांतपणे भाकरी मोडली.

"सात चूक हाय हे आमच्या कंपाउंडरला बी माहीत हाय," त्या म्हणाल्या.

"मग तुम्ही हात का वर केलात?"

"सरांचा हात वर होता. सर म्हणतात म्हंजी काहीतरी नवीन आलं असंल, आपण वाचलं नसंल. तुम्ही काय सगळ्यांसमोर मला अडाणी ठरवून राहिले काय?"

मी आणखी तिघांना विचारलं. प्रत्येकाला सात चूक हे पक्कं ठाऊक होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण सोडून बाकीच्यांना खरोखरच ते पटलं आहे. मग मी कदमांना म्हणालो, जाऊन सरांनाच विचारा. ते एकदम दोन पावलं मागे सरले. "बिलकूल नको. त्यांनी हात वर केला, आता चूक म्हणायचं म्हंजी कुणाची म्हणायची? तुम्ही मराठीतून काहीतरी मार्ग काढा. दोन्ही बसतील असं."

इथे मी उठून सरांकडे जायला हवं होतं. सर पंधरा पावलांवर गुलाबजाम खात होते. अक्काला दिलेला शब्दही होता. पण मी गेलो नाही. मला वाटलं, एकवीस डॉक्टर गप्प आहेत, आपण तर खोक्यातला कागद लिहिणारे. मी टेबलाशी बसलो आणि बावीस वर्षांचं कसब लावून वाक्य लिहिलं: "फवारा मारताना नळी योग्य दिशेने धरावी."

कदमांनी ते दोनदा वाचलं आणि माझा हात दाबला. "याला म्हणतात भाषा," ते म्हणाले. वाक्य हॉलमध्ये वाचून दाखवलं, टाळ्या पडल्या. मला एक शाल आणि गोदावरीच्या घाटाचा फोटो मिळाला. खोटं कशाला सांगू, मी खूश होतो.

नांदेड ते लातूर

लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटी निघाली. लोह्याला कंधारहून आलेले एक गृहस्थ माझ्या शेजारी बसले. मी दोनदा शिंकलो, तशी त्यांनी विचारपूस केली आणि बेंबीत मोहरीचं तेल घालायला सांगितलं. पुढच्या सीटवरची बाई मागे वळून म्हणाली, तेलानं काय होतंय, ओवा भाजून फडक्यात बांधून हुंगा. पलीकडच्या सीटवरच्या माणसाने ओव्याला हरकत घेतली, त्याला म्हणे उष्णता होते. अहमदपूर येईपर्यंत अर्धी बस या वादात उतरली होती. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता म्हणाला, "सर्दी औषध घेतलं तर सात दिवसांत बरी होते, न्हाई घेतलं तर आठवड्यात. बसा गप." त्यावरही दोघे त्याच्याशी भांडले. कुणी कुणाच्या हाताकडे बघून बोलत नव्हतं. एकमत काही झालं नाही, पण प्रत्येकाचं मत त्याचं स्वतःचं होतं, आणि दोन दिवस तळघरात काढून आलेल्या मला ते फार बरं वाटलं.

लातूर

अक्काच्या दारात पाय ठेवला आणि भाजल्या धन्यांचा वास आला. पुण्यात हा वास बंद पाकिटात असतो. अक्का पाटावर बसली होती, आणि कढईशी तिची सून रेखा.

"आला का वास?" अक्काने विचारलं.

"आला, आत्याबाई."

"कसला आला? कच्चा का खमंग?"

"खमंगच म्हणायचा."

"म्हणायचा काय? येतो का येत न्हाई?" रेखा धने परतत राहिली. अक्काने कढईवर वाकून जोरात श्वास ओढला, थोडी थांबली आणि काहीच न बोलता मागे सरली. ज्या बाईने पन्नास वर्षं गल्लीतल्या निम्म्या सुनांना रडवलं, तिला असं गप्प बसलेलं बघून मला वाईट वाटलं. मी घाईघाईने बॅगेतून पत्रक काढलं.

चुरमुऱ्यांचा सुशीला खाता खाता सगळी हकीकत कळली. लातूरच्या डॉक्टरांनी तिला तपासून, मसाल्याच्या धुळीने नाक आतून सुजलंय म्हणून फवारा लिहून दिला होता. तिने तो पंधरा दिवस मारला, नाकातून रक्त आलं, पदराला लागलं आणि तिने बाटली देव्हाऱ्यामागे ठेवून दिली. "कसा मारायचीस ते दाखव," मी म्हणालो. तिने रिकाम्या हाताने दाखवलं. उजव्या हाताने उजव्या नाकपुडीत नळी, टोक सरळ मधल्या पडद्यावर, आणि वर तपकिरीसारखा असा जोरदार सुरका की शेजारची शेळी बघायला लागली.

"एवढा जोरात का ओढतेस?"

"घशात कडू लागलं की औषध लागू पडलं म्हणायचं. न्हाईतर काय उपेग?"

मग तिने चष्मा लावला आणि माझं पत्रक मोठ्याने वाचलं. माझ्या आयुष्यातली ती पहिली वाचक. सगळं नीट वाचत आली आणि एका ओळीवर थांबली. "फवारा मारताना नळी योग्य दिशेने धरावी." तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"योग्य म्हंजी कुणीकडं?"

मी पत्रक परत घ्यायला हात पुढे केला.

"न्हाई, मी इतके दिवस कुणीकडं मारलालते? मला तीच योग्य वाटली. तू नांदेडला जाऊन दोन दिवस काय करलालतास?"

मला शालीची आठवण झाली आणि शरम वाटली. खरी, कान तापवणारी. तिथल्या तिथे तिला उत्तर सांगता आलं असतं, मला ते माहीत होतं. पण या पत्रकाच्या हजारो प्रती निघणार होत्या, आणि प्रत्येक प्रत कुठल्या तरी अक्काच्या हातात जाणार होती. मी अंगणात गेलो आणि मोठ्या सरांना फोन लावला. कार्यक्रमपत्रिकेवर त्यांचा नंबर छापलेला होता, तो दोन दिवस सगळ्यांच्या हातात होता.

मी चाचरत सात नंबरचं आणि अक्काच्या नाकाचं सांगितलं.

"सातला मी हात वर केला?" सर म्हणाले. "अहो, मी एसी कमी करायला सांगून राहिलो होतो. माझे पाय गारठले होते. तो वेटर मला न बघता सगळ्यांचे हात मोजत उभा." मग आवाज चढला. "अन बाकीच्यांनी कामून केले?"

"तुमचा होता म्हणून."

"मी चाळीस वर्षं हेच शिकवलं म्हणा की," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता. "बाईला द्या फोन."

मी फोन अक्काला दिला. सरांनी तिला उजव्या नाकपुडीला डावा हात, डावीला उजवा, टोक कानाकडे, मान किंचित खाली, असं सगळं दोनदा सांगितलं. रक्त येत होतं तर आधी तिथल्या डॉक्टरांना नाक दाखवा, ते हो म्हणाले की मगच सुरू करा, आणि रोज, न चुकता, काही आठवडे. सुरका मारू नका, फुलाचा वास घेतो तसा हळू श्वास घ्या.

"वास येत न्हाई म्हणून तर औषध घ्यायलेव," अक्का म्हणाली, "अन वास घेतल्यासारखं करा म्हणतो. चांगला डॉक्टर हाय." फोन चालूच होता. सर पलीकडे हसले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पडदा भरून आलाय म्हणून सांगितलं, आणि अक्काने माझ्यादेखत डाव्या हाताने पहिला फवारा मारला. घशात कडू लागलं नाही म्हणून ती दिवसभर नाराज होती. मी पत्रकातली ओळ बदलली, त्यात दोन्ही हात आणि दोन्ही कान घातले, आणि कदमांना पाठवून दिली. परतीच्या गाडीत त्यांचा निरोप आला. सरांनी डॉक्टरांच्या मोबाईल ग्रुपवर एवढंच लिहिलं होतं, 'सात नंबर चूक.' त्याखाली वीस जणांनी वीस अंगठे लावले होते. कदमांनी मला कळवलं की सात नंबर चूक असण्यावर आता संपूर्ण एकमत झालं आहे.

पुण्यात परतल्यावर

दोन आठवडे उलटले तरी लातूरहून फोन नाही. मी करायला धजलो नाही. एका सकाळी अक्काचा आवाज इतका मोठा आला की मी फोन कानापासून लांब धरला. "दिगू, आमच्या रेखाला अजून धने भाजाय येत न्हाईत. कोळसा केला. मी पुढच्या खोलीत होते, मला तिथं वास आला. तिथं! पंचवीस वर्षं झाली हिला या घरात येऊन. लग्नाच्या येसराला कढईपाशी मीच बसणार हाय, हिला फिरकू बी देणार न्हाई."

बोलून तिने फोन रेखाकडे टाकला. रेखा फोन घेऊन बाहेर गेल्याचं पावलांवरून कळलं.

"काय गं, एवढे धने कसे जाळलेस?" मी विचारलं.

"मामा, तुम्ही गेल्यापासनं रोज जाळलालेव," ती हळू आवाजात म्हणाली. "रोज सकाळी, मागच्या चुलीवर, मूठभर. त्या पुढं बसलेल्या असत्यात. वास येतो का न्हाई ते त्यांना इचारलं की चिडत्यात, अन आला नसला तरी आला म्हणत्यात. म्हणून इचारायचंच न्हाई ठरवलं. आज सतरावा दिवस."

आतून अक्काचा आवाज चालूच होता, कढई घासण्यावरून काहीतरी.

"म्हणजे सतरा दिवस तू रोज बोलणी खाल्लीस," मी म्हणालो.

"न्हाई हो. वास येत न्हवता तवर कशाला बोलतील?" रेखा म्हणाली. "सोळा दिवस घर नुसतं गपगार होतं. बोलणी आजपासनं सुरू झाली. लई बरं वाटलं बघा."